समिती नेमली, पुढे काय?

आपल्या देशात एखादा प्रश्न पेटला, लोक रस्त्यावर आले, विधिमंडळात गदारोळ झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘या प्रकरणी समिती नेमण्यात आली आहे.’ हे वाक्य उच्चारले जाताच वातावरण निवळते. वृत्तपत्रांतील मथळे लहान होत जातात. आंदोलकांना काहीतरी पदरात पडल्यासारखे वाटते आणि शासनाला उसंत मिळते. पुढे त्या समितीचे काय झाले, हे विचारण्याचे भान मात्र फार थोड्यांना राहते.

ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा काय, याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाने ६ ऑक्टोबर २०२२ रोजी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचा आयोग नेमला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘लव्ह जिहाद’ व सक्तीचे धर्मांतर यांविषयी कायदेशीर उपाय सुचवण्यासाठी राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती स्थापन केली. एका समितीकडून न्यायाची अपेक्षा, तर दुसरीच्या नावानेच मनात धास्ती! म्हणूनच अशा विशिष्ट कामासाठी नेमलेल्या तात्पुरत्या समित्या कशा चालतात, कधी फळाला येतात आणि कधी कपाटात धूळ खात पडतात, याचा शांतपणे विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

तात्पुरती समिती म्हणजे काय?

अशा समितीला इंग्रजी कारभारात ‘अॅड हॉक’ म्हणतात. हा शब्दप्रयोग मूळचा लॅटिन भाषेतील. ‘एवढ्याचसाठी’ हा त्याचा सरळ अर्थ. स्थायी समिती वर्षानुवर्षे चालते, तिचे सदस्य बदलतात पण समिती राहते. तात्पुरत्या समितीचे तसे नाही. तिला एक काम दिलेले असते, एक मुदत दिलेली असते आणि काम संपले की तिने विसर्जित व्हावे, अशी अपेक्षा असते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या आरंभकाळातच अशा योजनेचे बीज आढळते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषिक विधवांकडे रोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर निर्माण झाली, असे सांगितले आहे. प्रेषितांनी ती कुरकुर दडपली नाही. त्यांनी समुदायाला एकत्र बोलावले, काम स्पष्ट केले आणि सुज्ञ, नावाजलेले सात जण निवडण्यास सांगितले. निवड समुदायाने केली आणि प्रेषितांनी हात ठेवून त्यांना जबाबदारी दिली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटावर अन्याय झाला होता, त्या गटाचा विश्वास बसेल अशीच माणसे त्या कामावर नेमली गेली.

स्वतंत्र भारताच्या जन्मकाळातही तात्पुरत्या समित्यांनी मोलाचे काम केले. राष्ट्रध्वजाचा विचार करण्यासाठी जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली आणि २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंगा स्वीकारलासुद्धा. जेमतेम महिन्याभराचा हा कारभार! २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात सदस्यांची मसुदा समिती नेमण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिने राज्यघटनेचा मसुदा सादर केला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. या समितीतील कोणी निवर्तले, कोणी राजीनामा दिला, कोणी दिल्लीपासून दूर राहिले. कामाचा मोठा भार अखेर बाबासाहेबांच्याच खांद्यावर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीत बोलून दाखवले होते. उत्तम समितीचीही हीच कथा असते. नावे सात असतात, राबणारे हात थोडे असतात.

याच घटना समितीच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षपद डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी या बंगाली ख्रिस्ती गृहस्थांकडे होते. आज राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म प्रकट करणे, आचरणे यांबरोबरच त्याचा ‘प्रचार’ करण्याचे स्वातंत्र्य नमूद आहे. तो एक शब्द घटनेत यावा, यासाठी या उपसमितीने आग्रह धरला होता. समितीत आपला माणूस असणे आणि त्याने अभ्यासपूर्वक बोलणे याला किती मोल असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सुचत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वच समित्या एका जातीच्या नसतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात. तो साक्षीदारांना बोलावू शकतो, शपथेवर जबानी घेऊ शकतो, कागदपत्रे मागवू शकतो. याच कायद्यातील तरतुदीनुसार आयोगाचा अहवाल आणि त्यावर शासनाने काय कारवाई केली याचे निवेदन, सहा महिन्यांच्या आत संसदेपुढे किंवा विधानमंडळापुढे ठेवावे लागते.

परंतु शासन एक साधा निर्णय काढूनही समिती नेमू शकते. अशा समितीला साक्षीदार बोलावण्याचे अधिकार नसतात आणि तिचा अहवाल सभागृहापुढे ठेवण्याचे बंधनही या कायद्याने पडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच भासतात. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. म्हणून समितीची घोषणा झाली की पहिला प्रश्न हा विचारायला हवा : ती कोणत्या अधिकाराने नेमली आहे?

आणखी एक मर्यादा दोन्ही प्रकारांना लागू आहे. रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्यायमूर्ती तेंडोलकर या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आयोग तथ्ये शोधतो आणि शिफारस करतो. त्याच्या अहवालाला न्यायालयाच्या निकालाचे बळ नसते. म्हणजे आयोगाने कोणाला दोषी म्हटले, तरी तेवढ्याने कोणी तुरुंगात जात नाही. त्यापुढे गुन्हा नोंदवणे, खटला चालवणे, कायदा बदलणे ही कामे शासनाने करायची असतात. समिती वाट दाखवते, चालायचे शासनाने. ते चालले नाही तर वाट तशीच पडून राहते.

मुदतीची गोष्ट

बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर दहा दिवसांनी, १६ डिसेंबर १९९२ रोजी न्यायमूर्ती लिबरहान आयोग नेमण्यात आला. त्याला मुदत होती तीन महिन्यांची. त्याने अहवाल दिला ३० जून २००९ रोजी! मधल्या काळात अठ्ठेचाळीस वेळा मुदतवाढ झाली. साडेसोळा वर्षांत एक पिढी मोठी होते. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात आणि ज्यांच्याबद्दल चौकशी असते, ते सत्तेवर येऊन पायउतारही होतात.

आपल्या मुंबईतील डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली. जानेवारी १९९६ मध्ये तत्कालीन राज्य शासनाने तो आयोगच गुंडाळला. टीका झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल शासनाच्या हाती आला. अहवाल परखड होता. शासनाने त्यातील निष्कर्ष मात्र स्वीकारले नाहीत. येथे समितीने आपले काम केले, नेमणाऱ्यांनी आपले केले नाही.

मुदतीत काम होऊच शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्या प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती वाधवा आयोगाने त्याच वर्षी जूनमध्ये अहवाल दिला. त्याच्या निष्कर्षांबद्दल ख्रिस्ती समाजात मतभेद होते. तरीही सहा महिन्यांच्या आत चौकशी होऊ शकते, एवढे त्यातून नक्कीच सिद्ध झाले.

त्याच ओडिशात कंधमालच्या वाट्याला मात्र प्रतीक्षा आली. डिसेंबर २००७ च्या हिंसाचारासाठी एक आणि ऑगस्ट २००८ च्या भीषण हिंसाचारासाठी दुसरा, असे दोन आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती महापात्र २०१२ मध्ये निवर्तले आणि काम दुसऱ्या न्यायमूर्तींकडे सोपवावे लागले. दोन्ही अहवाल २०१५ मध्ये शासनाला सादर झाले. पुढे वर्षे लोटली तरी ते जनतेसमोर आले नाहीत. ज्यांची घरे जळली, ज्यांची प्रार्थनामंदिरे उद्ध्वस्त झाली, ज्यांनी जीव मुठीत धरून जंगलात रात्री काढल्या, त्यांनी आयोगापुढे येऊन आपले दुःख सांगितले होते. आपण सांगितलेल्या गोष्टीचे काय झाले, हे जाणण्याचा पहिला हक्क त्यांचा नव्हे काय?

हा रोग केवळ धार्मिक प्रश्नांपुरता नाही. केरळात मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी २०१७ साली न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. तिने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. काही भाग वगळून का होईना, तो लोकांना वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार वर्षे तो बंद होता, आणि प्रसिद्ध होताच अनेक स्त्रिया धीर करून पुढे आल्या. अहवाल दडवून ठेवणे म्हणजे नुसते कागद दडवणे नसते. पीडितांचा धीरही त्याबरोबर कुलूपबंद होतो.

पंचाहत्तर वर्षांची प्रतीक्षा

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ साली त्यात शीख दलितांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लीम दलित बाहेरच राहिले. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना या भागांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना या आदेशाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. गावाने त्यांची जात विसरलेली नसते, कागद मात्र ती पुसून टाकतो.

१९८५ साली सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही तीच सामाजिक हीनता त्याच तीव्रतेने टिकून आहे, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर यायला हवा. म्हणजेच प्रश्न पुराव्याचा ठरला आणि पुरावा गोळा करण्याचे काम ओघानेच समित्यांकडे आले. २००४ साली नेमलेल्या न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने मे २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा आणि तिसरा परिच्छेद रद्द करावा, अशी त्याची निःसंदिग्ध शिफारस होती. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अहवाल संसदेपुढे आला तो डिसेंबर २००९ मध्ये, आणि तोही कोणत्याही कृती-अहवालाविना.

त्यानंतर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग आला. धर्मांतरानंतर रूढी, परंपरा आणि सामाजिक भेदभाव यांत काय बदल होतो, हे तपासणे त्याच्या कार्यकक्षेत ठेवले गेले. नव्या समावेशाचा सध्याच्या अनुसूचित जातींवर काय परिणाम होईल, हाही प्रश्न त्याच्यापुढे ठेवला गेला. दोन वर्षांची मुदत होती. ती २०२४ मध्ये वर्षभराने वाढवण्यात आली.

हा दुसरा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आरक्षणाचा वाटा तोच राहिला आणि वाटेकरी वाढले, तर आज ज्यांना तो मिळतो त्या हिंदू व बौद्ध दलित बांधवांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे. त्यांची भीती ऐकून न घेता आपला न्याय मागणे ख्रिस्ती वृत्तीला शोभणार नाही. परंतु एका आयोगाने स्पष्ट शिफारस केल्यानंतर, तिचे काय केले हे न सांगता त्याच विषयावर पंधरा वर्षांनी दुसरा आयोग नेमणे याला अभ्यास म्हणावे की चालढकल, हा प्रश्न आम्ही विचारल्यावाचून राहू शकत नाही.

दुसरी बाजू आपल्याकडेही वळते. जातिभेद ख्रिस्ती समाजात टिकून आहे, हे आयोगापुढे सिद्ध करायचे तर ते आधी आपल्याला स्वतःशी कबूल करावे लागेल. दफनभूमीत, लग्नसंबंधांत, मंडळांच्या पदांवर आपण कोणाला मागे ठेवतो? समितीपुढे एक बोलायचे आणि धर्मग्रामात दुसरे वागायचे, हे फार काळ चालणार नाही.

झोपलेला अहवाल जागा होतो

कपाटात गेलेला अहवाल मेला, असे समजून निर्धास्त होणारे लोकही चुकतात. १९५४ साली मध्य प्रदेश शासनाने ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या काळी त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि आपला विदर्भ त्याच राज्यात होता. १९५६ साली अहवाल प्रसिद्ध झाला. लगेच कायदा झाला नाही. परंतु १९६७ साली ओडिशाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे सांगितले. नियोगी अहवालाचा हवाला आजही अशा प्रत्येक चर्चेत दिला जातो.

नियोगी समितीत निदान एक ख्रिस्ती सदस्य होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात नेमलेल्या समितीत पोलीस महासंचालकांखेरीज महिला व बालविकास, अल्पसंख्याक विकास, विधी व न्याय, सामाजिक न्याय आणि गृह अशा खात्यांचे अधिकारी होते. ज्यांच्या श्रद्धेवर, विवाहावर आणि सेवाकार्यावर शिफारशींचा थेट परिणाम व्हायचा, त्या समाजांचा एकही प्रतिनिधी तीत नव्हता. निवृत्त न्यायाधीशही नव्हते. सक्तीने किंवा फसवणुकीने धर्मांतर करणे आम्हांलाही मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावर बळजबरी होता कामा नये, असे शिकवले आहे. आमचा आक्षेप समितीच्या बांधणीला आहे. ‘सक्ती खरोखर किती प्रमाणात होते?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वीच ‘कायदा कसा करावा?’ हे काम सोपवले, तर चौकशीचे उत्तर तिच्या नावातच लिहिलेले असते.

पाणी, डोंगर आणि माहितीचा अधिकार

समित्यांमुळे काहीच साधत नाही, हा निष्कर्षही एकांगी ठरेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. त्यानंतर जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने शहराच्या नद्या, नाले आणि उतार यांचा बारकाईने अभ्यास केला. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, मिठागरांतील कुटुंबे अडकली, दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हाही नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांची सत्यशोधन समिती नेमण्यात आली. असे अहवाल लोकांच्या हातात असले, तर नव्या बांधकामासाठी नाला बुजवला जात असताना ‘अमुक पानावर काय लिहिले आहे ते वाचा’, असे साधा ग्रामस्थही ठणकावून सांगू शकतो.

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा केंद्र शासनाने तो दाबून ठेवला. एका सामान्य नागरिकाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला, केंद्रीय माहिती आयोगाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये तो अहवाल खुला झाला. पुढे तो सौम्य करण्यासाठी कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली. गाडगीळ समितीने सबंध घाट तीन स्तरांत संवेदनशील मानला होता. दुसऱ्या समितीने ते संरक्षण सुमारे ३७ टक्के क्षेत्रापुरते आणले. येथे एक कटू सत्य नमूद केले पाहिजे. शेतकऱ्यांच्या जमिनी जातील, या भीतीपोटी केरळातील आपल्याच काही चर्चप्रमुखांनी या अहवालांना कडाडून विरोध केला होता. नंतर २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले आणि २०१८ साली केरळात महापूर आला. अहवाल पूर्ण वाचून विरोध करणे वेगळे आणि अफवांवर विसंबून विरोध करणे वेगळे. हा धडा आपणही गिरवला पाहिजे.

आपल्या अंगणात

शासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली असतात. ख्रिस्तसभेतही समित्या नेमल्या जातात. संततिनियमनाच्या प्रश्नावर पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली आयोग नेमला, पोप सहावे पॉल यांनी तो वाढवला, त्यात विवाहित दांपत्येही घेतली. १९६६ साली आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी एक मत दिले, परंतु १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात पोपमहोदयांनी वेगळा निर्णय जाहीर केला. समिती सल्ला देते, निर्णयाची जबाबदारी नेमणाऱ्याची असते, हे तत्त्व येथेही दिसते. परंतु पोपमहोदयांनी आपला निर्णय कारणांसह लिहून जगापुढे ठेवला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अलीकडे सिनडच्या प्रक्रियेत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली दहा अभ्यासगट नेमले आणि त्यांना जून २०२५ ची मुदत दिली. त्यांच्या निधनानंतर पोप चौदावे लिओ यांनी ती मुदत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. पोप बदलले तरी काम वाऱ्यावर सुटले नाही.

आपल्या धर्मग्रामांत काय चित्र दिसते? धर्मग्रामाच्या अर्थमंडळाची तरतूद धर्मसंहितेच्या ५३७ व्या कलमात आहे. ते बंधनकारक आहे. ५३६ व्या कलमानुसार पॅरिश कौन्सिल सल्लागार स्वरूपाचे असते. यांखेरीज चर्चची दुरुस्ती, शताब्दी, सण, पूरग्रस्तांना मदत अशा कामांसाठी तात्पुरत्या समित्या बनतात. काम पार पडते, भोजन होते, आभार मानले जातात. पण हिशेब नोटीस बोर्डावर लागतो काय? शताब्दी समिती शताब्दीनंतर चार वर्षांनीही बँकेतील खाते चालवत नाही ना? प्रत्येक समितीवर तीच पाच-सहा नावे फिरत नाहीत ना? स्त्रियांना केवळ चहापाण्याच्या व्यवस्थेपुरते तर घेतले जात नाही ना? आणि एखाद्या तक्रारीसाठी समिती नेमली, तर तक्रार करणाऱ्याला शेवटी कोणी उत्तर देते काय? हे प्रश्न टोचणारे आहेत. ज्यांना ते टोचतील त्यांच्यावर आमचा राग नाही. आम्हीही त्यांतलेच आहोत.

आपण काय करावे?

पुढच्या वेळी एखादी समिती नेमल्याचे वाचनात येईल तेव्हा आपण पाच गोष्टी विचाराव्यात. तिला नेमके काम काय दिले आहे? तिच्यावर कोण आहेत आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यापैकी कोणी आहे काय? मुदत किती आहे? अहवाल लोकांसाठी खुला होईल काय? आणि शिफारशींचे काय केले, हे कोण व केव्हा सांगणार?

एवढ्यावर थांबूनही चालणार नाही. आयोगापुढे निवेदने पाठवायची असतात, तेव्हा आपल्या संस्था व मंडळे बहुधा शेवटच्या आठवड्यात जागी होतात. निवेदन भावनेने भरलेले नसावे. त्यात गावाचे नाव, घटनेची तारीख, दाखला आणि कागद असावा. आपल्या तरुण वकिलांनी, शिक्षकांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी यासाठी वेळ द्यावा. मुदत संपली की माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्याला फार मोठे धैर्य लागत नाही. साधा कागद, अल्प शुल्क आणि चिकाटी पुरते. आमदार-खासदार मते मागायला दारी येतात, तेव्हा त्यांना अमुक अहवाल कुठे आहे, हे नाव घेऊन विचारावे.

शेवटी पुन्हा प्रेषितांकडे वळू. परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांनी सुंता करावी काय, यावर अंत्युखियात वाद झाला तेव्हा पौल, बर्णबा आणि आणखी काही जणांना त्याच एका कामासाठी यरुशलेमला पाठवण्यात आले. तेथे उघड चर्चा झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, निर्णय झाला. तो पत्रात लिहिला गेला आणि यहूदा व सीला यांच्या हाती अंत्युखियाला धाडण्यात आला. तेथे सर्व समुदायाला एकत्र बोलावून ते पत्र वाचून दाखवले गेले आणि लोकांना आनंद झाला, असे पंधराव्या अध्यायात नमूद आहे.

प्रश्न जेथून निघाला, तेथे उत्तर परत पोहोचले, म्हणून त्या लोकांना आनंद झाला. कंधमालच्या विधवेला, जालन्याच्या दलित ख्रिस्ती तरुणाला आणि वसईत पुराचे पाणी घरात शिरलेल्या माउलीला तेवढेच हवे आहे. आपल्यासाठी नेमलेल्या समितीचे पत्र कोणीतरी त्यांच्या दारापर्यंत आणावे आणि उघडून वाचून दाखवावे. ते आणायला शासनाला भाग पाडणे आणि आपल्या धर्मग्रामापुरते तरी ते स्वतः आणणे, ही जबाबदारी आपण सर्वांनी मिळून उचलू या.